कोरड्या केसांची

मुरबाडहून शहापूरला कामावर जाताना एसटीत ती रोज भेटायची. नाव मी कधी विचारलं नाही. केस अगदी कोरडे, भुरभुरीत. पुढच्या सीटची दांडी धरण्याआधी ती रुमालाने पुसून घ्यायची. एकदा डोळखांबच्या एका आजीला राहवलं नाही.

"काय गो, घरात तेल नाय का? डोक्याची पार केरसुणी झालीय!"

ती हसली. "तेल हाय, आजी. पण ते माझ्या धुळीत घुसतं."

मग तिने आम्हाला समजावलं. ती काम करायची त्या प्रयोगशाळेत, हवा काढून घेतलेल्या काचेच्या भांड्यात थोडासा मिथेन वायू सोडून वीज दिली की तो जांभळा उजळतो आणि त्यातच बारीक धूळ तयार होते. ती धूळ कशाची बनते, हे ती शोधत होती. नवा पदार्थ सापडला म्हणून तिने सरांना सांगितलंही. निघालं केसांतून तिच्याच बोटांवर आलेलं खोबरेल. सगळे नमुने तिने स्वतः फेकून दिले.

"आता पयल्यापासून. उत्तर मिळेपर्यंत डोक्याला तेल नाय."

भातकापणी उरकली तेव्हा एके सकाळी ती चपचपीत तेल लावून, घट्ट वेणी घालून बसमध्ये चढली.

"गावलं का गो?" आजी मागून ओरडली.

"गावलं!" म्हणत ती माझ्याशेजारी बसली आणि दांडी न पुसताच धरली.