क्वेरीताईची बदली

ग्रंथालयात तिला सगळे क्वेरीताई म्हणत. हे नाव बाइंडिंगवाल्या काकांनी पाडलं आणि ते असं चिकटलं की पगाराच्या कारकुनानेही एकदा पाकिटावर तेच लिहिलं होतं.

ती मुळात नोकरीला लागली काउंटरवर. माणसांत रमणारी बाई. पुस्तक परत करायला आलेल्या माणसाला "शेवट पटला का?" असं विचारल्याशिवाय ती सोडायची नाही. पण महिन्याचे अहवाल काढणारे गृहस्थ एकाएकी नोकरी सोडून गेले आणि मुख्य ग्रंथपालांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. "तुम्हाला कॉम्प्युटरचं थोडंफार कळतं ना? दुसरं कोणी मिळेपर्यंत बघा जरा." दुसरं कोणी मिळालं नाही. शोधलंच नाही, तर मिळणार कुठून?

तेव्हापासून ती मागच्या खोलीत. खोलीला खिडकी नव्हती. पलीकडे बाइंडिंग चाले, त्यामुळे दिवसभर खळीचा वास. टेबलावर एक म्हातारा कॉम्प्युटर आणि त्यात ग्रंथालयाच्या सगळ्या नोंदींचा डेटाबेस. शाखाशाखांतून देवघेवीच्या फाइली यायच्या. त्या ती आत घ्यायची आणि एकेक क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा बांधून ठेवलेला प्रश्न, चालवायची. किती पुस्तकं गेली, किती सभासद वाढले, कुठल्या कपाटाला वर्षभरात कोणी हात लावला नाही, हे सगळं त्यातून निघायचं. क्वेऱ्यांची नावं तिनेच ठेवली होती: 'मासिक', 'मासिक नवी', 'मासिक नवी खरी', 'मासिक हीच वापरा'. कुठली आधी चालवायची आणि कुठली नंतर, हे तिलाच ठाऊक. कॉम्प्युटर बदलला तर डेटाबेस उघडेल याचा भरवसा नव्हता, म्हणून तो जागचा हलवायचा नाही. तो हलत नाही, म्हणून तीही नाही.

तिच्या घराजवळ ग्रंथालयाची एक छोटी शाखा होती. दोन खोल्या, एक काउंटर, दाराशी बाक. तिथे बदली मिळावी म्हणून ती दरवर्षी अर्ज करायची. मुख्य ग्रंथपाल सर अर्ज वाचायचे, चष्मा काढून पुसायचे आणि म्हणायचे, "ताई, तुमच्याशिवाय इथलं पान हलत नाही."

हे ऐकून तिचा नवरा म्हणाला, "अगं, कौतुकच केलं की." तो शाळेत चित्रकला शिकवायचा. त्याला कोणी कशासाठी अडवून ठेवलं नव्हतं.

"कौतुक कसलं? बाहेरून घातलेली कडी आहे ती," ती म्हणाली.

मग एका बैठकीत सरांनी जाहीर केलं की अहवालांसाठी आता बिझनेस इंटेलिजन्सचं सॉफ्टवेअर येणार आणि जुना डेटाबेस बंद होणार. ते बसवून द्यायला कंपनीची एक प्रशिक्षक बाई आली. तरतरीत, हसरी. तिने पडद्यावर रंगीत आलेख दाखवले. "एकदा जोडून दिलं की रोज सकाळी आकडे आपोआप ताजे. सर स्वतः क्लिक करून बघतील. कोणाला बसून काढावं लागणार नाही."

"कोणालाच?" क्वेरीताईने विचारलं.

"कोणालाच."

त्या दिवसापासून ती कामाला जी भिडली, ती जेवणाचा डबा विसरू लागली. एकेक क्वेरी उसवायची, तिच्यातली अट काय, का घातली, ते आठवायचं आणि प्रशिक्षक बाईला समजावून सांगायचं. "आणि ही 'हीच वापरा' म्हणजे?" बाईने विचारलं. "म्हणजे बाकीच्या वापरू नका," ती म्हणाली, आणि दोघी पोट धरून हसल्या. त्या खोलीत कितीतरी वर्षांनी कोणी असं हसलं असेल.

आलेखांच्या नव्या पडद्यावर, म्हणजे डॅशबोर्डवर, पहिला आकडा उमटला आणि हसू ओसरलं. देवघेव जुन्या अहवालापेक्षा बरीच कमी दिसत होती. तिने उलटसुलट तपासलं, तेव्हा कारण सापडलं. जुन्या क्वेरीत मुदतवाढही नवी देवघेव म्हणून धरली जायची. एकच पुस्तक, त्याच माणसाच्या उशाशी पडलेलं, पुन्हा पुन्हा मोजलं जात होतं. आधीच्या गृहस्थांनी तसं बसवलं होतं आणि मग तेच चालत आलं.

सर म्हणाले, "जुळवून टाका."

"सर, नवा आकडा चुकलेला नाही. जुना फुगलेला होता."

"मग ग्रंथालय समितीला काय सांगू? वाचक पळाले म्हणून? जुळेपर्यंत दोन्ही चालू ठेवा."

झालं. सुटायला निघालेल्या बाईला आता दोन अहवाल काढावे लागले. वर दोन्हींत फरक का, हे सांगणारा तिसरा कागद, जो कोणी वाचत नसे. महिना उलटे, पुन्हा तेच. कधीकधी दुपारी ती उगाचच बाइंडिंगवाल्या काकांजवळ जाऊन उभी राहायची. एकदा काका दाभण चालवता चालवता म्हणाले, "एकातून पाय काढायला गेलीस आणि दोन्ही गळ्यात घेऊन बसलीस गं."

त्या वाक्याने तिला रात्रभर कुरतडलं असावं. सकाळी ती थेट केबिनमध्ये गेली. "सर, या महिन्यापासून जुना अहवाल मी काढणार नाही."

"काढणार नाही म्हणजे?"

"म्हणजे काढणार नाही." ती उभीच राहिली. "समितीला काय सांगायचं ते मी सांगते. शिव्या बसल्या तर मला बसू देत."

सरांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "ठीक आहे. तुम्हीच बोला."

समितीसमोर ती स्वतः गेली. मुदतवाढीचं सगळं समजावून सांगितलं. अध्यक्षांनी मान डोलावली, पडद्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, "छान. तो निळा रंग जरा गडद करता येईल का?" पुढचा विषय पंख्यांचा होता. इतके महिने ज्या आकड्यापायी ती झिजली, त्याच्याकडे कोणी धड बघितलंही नव्हतं. बाहेर येऊन ती जिन्यात बसली. हसावं की रडावं, तिला कळेना.

जुना कॉम्प्युटर बंद झाला आणि तिचा अर्ज सरांनी त्याच आठवड्यात मंजूर केला. "आता काय, सगळं ऑनलाइन. तुम्ही कुठेही बसा, काम होतंच. हा लॅपटॉप न्या बरोबर." शाखेच्या आनंदात तिने ते वाक्य नीट ऐकलंच नाही.

शाखेत पहिले काही दिवस सोन्यासारखे गेले. दाराबाहेर उजेड होता, बाकावर माणसं होती. मग फोन सुरू झाले. एका शाखेचे आकडे कोरे दिसतात. अध्यक्षांना वयोगटानुसार आलेख हवा आहे. "ताई, जरा बघता का? दोनच मिनिटं." सुट्टीच्या दिवशी बघता का, दवाखान्याच्या रांगेत बघता का. एकदा जेवताना तिने ताट बाजूला सारून लॅपटॉप उघडला आणि नवऱ्याला म्हणाली, "आधी निदान त्या खोलीचं दार ओढून घरी तरी यायचे रे." या वेळी त्याने थट्टा केली नाही. तिचं ताट झाकून ठेवलं.

तिने सरांना सांगितलं, दुसऱ्या कोणाला तरी हे शिकवू द्या. सर म्हणाले, विचार करू. ते अजून विचार करत आहेत.

परवा एक आजी काउंटरशी आल्या. त्यांना मोठ्या अक्षरांतलं काहीतरी हवं होतं, पण रडकं नको. क्वेरीताई उठणार, तेवढ्यात लॅपटॉप वाजला आणि पाठोपाठ फोनही.

"घ्या तुम्ही, मी थांबते," आजी म्हणाल्या.

"नको, तुम्ही बसा," म्हणत ती कपाटाकडे गेली. तीन पुस्तकं काढली, दोन परत ठेवली, एक आजींच्या हातात दिलं आणि ती शेजारी टेकली. आजींनी पहिलं पान मोठ्याने वाचलं, ती ऐकत राहिली. फोन थांबला, पुन्हा वाजला.

आजी गेल्यावर तिने तो उचलला. "हो सर, बघते," म्हणाली. शाखा बंद करताना तिने लॅपटॉप पिशवीत घातला, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी समितीची बैठक होती.