बाबांचा पानमळा आणि माझे हॉप्स

मागच्या ऑगस्टमधली गोष्ट. कामावरून घरी आले, तर आमच्या बॅकयार्डमध्ये शेजारचा गॅरी अनवाणी उभा. सहा फुटी माणूस, पॅन्ट घोट्यापर्यंत दुमडलेली… आणि त्याचे बूट मागच्या दाराशी फरसबंद पॅटिओवर बाबांच्या चपलांशेजारी नीट मांडून ठेवलेले.

मला काही कळेचना. गाव लंडन, म्हणजे आमचं ओंटारिओमधलं लंडन, राणीचं नव्हे. इथे लोक भर थंडीत शॉर्ट्स घालतात हे मला माहीत होतं, पण हे काहीतरी वेगळंच होतं.

झालं होतं असं, की मे महिन्यात बाबा नागपूरहून आमच्याकडे राहायला आले. आल्या आल्या गॅरेजच्या भिंतीवर दोरीने चढवलेला वेल बघून त्यांनी विचारलं, हा कशाचा? मी म्हटलं, औषधी आहे बाबा… झोप चांगली लागते त्याने.

तसं ते अगदीच खोटं नव्हतं. पण तो वेल हॉप्सचा. बीअरला कडवटपणा आणि वास येतो तो त्याच्या फुलांमुळे. गॅरीने तीन वर्षांपूर्वी त्याच्याकडच्या वेलाच्या मुळाचा एक तुकडा मला दिला होता, कारण त्याला माहीत होतं की आमच्या बेसमेंटमध्ये मी बीअर करते.

हो, मी. नितीन नाही. नवऱ्याला दोन घोटांत अ‍ॅसिडिटी होते, छंद माझा आहे. लॅबमध्ये दिवसभर जंतू वाढवायचे आणि घरी येऊन यीस्ट, असं माझं चालतं. पण बाबा म्हणजे निवृत्त हेडमास्तर, सुपारीच्या पलीकडे कधी गेले नाहीत. त्यांच्या मनातली मी कोण आहे हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि त्या मुलीला धक्का लावायची माझी हिंमत नव्हती. बेसमेंटमधल्या काचेच्या मोठ्या बरणीवर मी जुनी चादर टाकली.

मला एवढंच वाटलं होतं की बाबा वेलाकडे दुर्लक्ष करतील. पण आजोबांचा रामटेकला पानमळा होता, बाबांचं लहानपण त्यात गेलं. दोरीवर चढणारा वेल बघितला आणि माणूस तिथेच रमला. दुसऱ्या दिवसापासून वेलाजवळ जाताना ते चपला काढून ठेवायला लागले. पानमळ्यात पादत्राणं घालून जायचं नाही, वेल देवीसारखा असतो… हे मी लहानपणी शंभरदा ऐकलं होतं.

नितीनलाही सूचना मिळाली. लॉनमोअर अनवाणी चालवणं शक्य नव्हतं, म्हणून त्याने वेलाभोवतीचं गवत कापणंच सोडून दिलं. बाबा रोज पाणी घालायचे, दोरीवरून घसरलेली टोकं परत वळवून द्यायचे. वेल गॅरेजच्या छपरापर्यंत गेला. आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत राहायचे… हे सगळं बीअरसाठी चाललंय हे मला सांगता येत नव्हतं, आणि न सांगणंही दिवसेंदिवस जड होत होतं.

तर त्या दिवशी गॅरी अनवाणी. आणि बाबांच्या हातात एक तपकिरी बाटली. चष्मा कपाळावर सारून ते लेबल वाचत होते. लेबलवर माझं अक्षर होतं. मीच केलेल्या बीअरची, ख्रिसमसला गॅरीला दिलेली बाटली, त्याने कौतुकाने बाबांना दाखवायला आणली होती. "युअर डॅड इज अ नॅचरल," म्हणजे वेलाचा हात उपजतच आहे बाबांना, असं मला म्हणून तो बूट हातात घेऊन निघून गेला.

बाबांनी बाटली टेबलावर ठेवली. चहा झाला, जेवण झालं, बाटली तिथेच. मला रागावले असते तर बरं झालं असतं, निदान काय ते कळलं असतं.

सकाळी बघते तर बाबा वेलापाशी, अनवाणी, रोजच्यासारखेच. मी कडेला उभी राहून कशीबशी सुरुवात केली, की बाबा, ते औषध वगैरे मी…

"पानात तंबाखू टाकून खाणारेही होतेच ना," ते मागे न बघता म्हणाले. "म्हणून काय आम्ही मळ्यात चपला घालून जात होतो का?"

मग एक टोक दोरीवर वळवत म्हणाले, अक्षर अजून चांगलं आहे तुझं.

एवढंच. पुढच्या आठवड्यात त्यांनीच खुर्ची टाकून सगळी फुलं तोडली, चादरीवर वाळवली. मी बेसमेंटमध्ये बरणीवर टाकलेल्या त्याच चादरीवर. सप्टेंबरमध्ये ते परत गेले. त्यांनी मला माफ केलं, की फक्त वेलाला, हे मला आजही नीट समजलेलं नाही. फुलं फ्रीझरमध्ये पडून राहिली, हिवाळाभर बीअर करायला हात धजावला नाही.

परवा बर्फ सरल्यावर पहिले कोंब दिसले. गॅरीला हाक मारली. तो आला, पॅटिओवर बूट काढले, मोजे काढले आणि थंडगार ओल्या मातीत जाऊन वाकला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मी कोंबांपाशी चपला घालूनच उभी होते. ओशाळून परत पॅटिओवर गेले आणि चपला काढून ठेवल्या.

रविवारी बाबांना फोन केला. पहिला प्रश्न, कोंब किती आले? दुसरा, गॅरी बूट काढतो का?

हो म्हटलं.

माझं त्यांनी विचारलंच नाही. मी काढतच असणार, हे ते धरूनच चालले होते.