खोलीपट्टी

ग्लेनिस रिमरच्या आणि माझ्या घराच्या मध्ये एक भिंत आहे, तीही नावालाच. तिचा नवरा डेरेक खोकला की माझ्या कपाटातल्या बश्या वाजायच्या. त्यामुळे ती दोघं वेगवेगळ्या खोल्यांत झोपतात हे मला आधीपासून ठाऊक होतं. खोकला यायचा रस्त्याकडच्या खोलीतून, आणि ग्लेनिसचा रेडिओ वाजायचा मागच्या, जिन्यावरच्या खोलीत. मलाच काय, आमच्या घरांच्या सगळ्या ओळीला ते ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि बोलणं वेगळं. इंग्लंडातल्या आमच्या बर्कनहेड गावाच्या या टोकाला नवराबायकोची अंथरुणं वेगळी झाली की लोक त्याचा एकच अर्थ काढतात. म्हणून ग्लेनिस ते झाकून ठेवायची आणि आम्ही तिला झाकू द्यायचो. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आता त्यात झाकण्यासारखं काय होतं? डेरेकनं ऐन तारुण्यात जहाजगोदीत नळांना ॲस्बेस्टॉस गुंडाळलं. तो भुगा त्याच्या छातीत जाऊन बसला. त्याला आडवं झोपता यायचं नाही. उशाशी ऑक्सिजनचं यंत्र घरघरत असायचं, आणि तो बसल्या बसल्या डुलक्या काढायचा. ग्लेनिसला भल्या पहाटे शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला जायचं असे. चारशे पोरांचे बटाटे सोलायचे तर बाईनं चार तास तरी डोळा लावायला नको? म्हणून ती जिन्यावरच्या खोलीत गेली. खोली तरी कसली! अर्धी जमीन जिन्याच्या खोक्यानं खाल्लेली. पलंग टाकला तर दार पुरतं उघडत नसे. ग्लेनिस अंग तिरकं करून, पोट आत घेऊन आत शिरायची आणि म्हणायची, “बर्नी, मी जाड झाले की मला इथेच पुरा.”

एके दिवशी, ज्या संस्थेची ही आमची भाड्याची घरं, तिचा माणूस, प्रॉबर्ट नावाचा, घर बघायला आला. ग्लेनिसनं त्याला चहा दिला, सणासुदीचा बिस्किटांचा डबा उघडला. तो वर गेला, जिन्यावरच्या खोलीत डोकावला आणि म्हणाला, “ही कुणाची?”

“ही होय?” ग्लेनिस म्हणाली, “ही रिकामीच असते. कुणी पाहुणा आला तर आपली असू दे.” आणि बोलता बोलता तिनं आपला झोपायचा गाऊन उशीखाली सारला.

हे तिनं मला त्याच दुपारी परसातल्या भिंतीवरून सांगितलं, हसत हसत. परक्या पुरुषाला आपलं अंथरूण दिसता दिसता राहिलं याचाच तिला आनंद झाला होता. मलाही हसू आलं. ‘रिकामी’ या एका शब्दात काय ठेवलंय याची आम्हा दोघींनाही कल्पना नव्हती.

वसंतात नवा नियम लागू झाला. माणसांच्या मानानं झोपायची खोली जास्त असेल तर सरकार भाड्याच्या मदतीला कात्री लावणार. लंडनमधले लोक त्याला सुधारणा म्हणत होते. आम्ही त्याला खोलीपट्टी म्हणायला लागलो. ग्लेनिसची मदत कापली गेली. अडलेल्यांसाठी वेगळा निधी होता, तिथे तिनं हात पसरला. उत्तर आलं की खोली रिकामी असल्याचं आपण स्वतःच सांगितलं आहे.

मग चर्चच्या हॉलमध्ये सभा भरली. मंचावर प्रॉबर्ट होता आणि सत्ताधारी पक्षाचा वेनराइट होता. या वेनराइटच्या स्वतःच्या घराला खोल्या किती, हे त्याला मोजून सांगावं लागलं असतं. त्यानं सुरुवातच केली, “दुसऱ्याच्या रिकाम्या खोलीचे पैसे करदात्यानं का भरायचे?”

लोक ओरडले. पण सगळेच नाही ओरडले, हेही सांगायला हवं. आमच्यातलाच टेरी कडलिप उठून म्हणाला, “माझ्या पोरीची तीन लेकरं एका खोलीत दाटीवाटीनं राहतात. आणि इथे म्हातारी दोघं दोन दोन खोल्या अडवून बसतात. साहेबांचं काय चुकलं?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. टेरीच्या पोरीला घर मिळालं नाही, कारण घरं बांधलीच नाहीत. ती न बांधणारे मंचावर बसून पाणी पीत होते, आणि हा आमचा शहाणा शेजारणीच्या पलंगावर डोळा ठेवून होता. मी बोलणारच होते, तेवढ्यात ग्लेनिस उभी राहिली. डेरेक मागे दाराजवळ हवेला बसला होता. तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही.

“ती खोली रिकामी नाही,” ती म्हणाली. “तिथे मी झोपते.”

मग मागून कुणीतरी टवाळ बोललाच, “का गं राणी, डेरेक फार घोरतो का?”

थोडे लोक हसले. डेरेक खुर्चीच्या पाठीला धरून उठला. “घोरत नाही रे,” तो म्हणाला, “गुदमरतो.” तेवढ्यानंच त्याला धाप लागली आणि तो परत बसला. मग कुणी हसलं नाही.

प्रॉबर्टनं घसा खाकरला. “मॅडम, हे तुम्ही मला तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“तुम्ही माझ्या घरी चहा प्यायलात,” ग्लेनिस म्हणाली. तिची मान लाल झाली होती. “तुम्ही बायकोशेजारी झोपता का, असं मी विचारलं तुम्हाला? मग मी का सांगू?”

टाळ्या पडल्या. वेनराइट थांबला, टाळ्या ओसरू दिल्या आणि मऊ आवाजात म्हणाला, “वाईट वाटतं, पण नियमात नवराबायकोला एकच खोली धरतात. कारण काही का असेना. आपण एका खोलीचं घर बघावं.”

“आहे का एका खोलीचं घर?” मी ओरडले.

प्रॉबर्ट बुटांकडे बघत म्हणाला, “सध्या तरी एकही नाही.”

म्हणजे बाईनं चारचौघांत स्वतःची लाज उघडी केली ती कशासाठी? नियमात तिला जागाच नव्हती. सभेची बातमी वर्तमानपत्रात आली म्हणून त्या निधीतून तिला मदत मिळाली, पण थोड्याच महिन्यांची. ती संपली की पुन्हा निधीच्या कचेरीत खिडकीवर जायचं आणि नव्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून सांगायचं. मागे रांगेत अर्धी वस्ती. खिडकीतला माणूस काचेतून ऐकू जावं म्हणून मोठ्यानं विचारायचा, “तुम्ही नवऱ्याजवळ का झोपत नाही?” आणि ग्लेनिस काचेला तोंड लावून पुटपुटायची. दर वेळी आम्ही बसनं परत यायचो तेव्हा ती खिडकीकडे तोंड करून बसायची. बसमध्ये नॉनस्टॉप बोलणारी बाई ती.

डेरेकनं एकदा तिला म्हटलं, “नको जाऊस पुन्हा. ये माझ्या खोलीत. मी खाली स्वयंपाकघरात खुर्चीत बसेन.” ती म्हणाली, “गप बस रे गाढवा,” आणि पुन्हा गेली.

फेब्रुवारीत डेरेक गेला. शेवटचे दिवस ती त्याच्याच खोलीत जमिनीवर झोपली होती. लँडिकनच्या दफनभूमीत त्याला ठेवलं तेव्हा गोदीतले जुने सोबती आले होते. त्यातल्या निम्म्यांना खड्ड्यापर्यंत चालवत नव्हतं.

मदतीची मुदत संपली म्हणून बोलावणं आलं. मी म्हटलं, “ग्लेनिस, मी जाते, मी सांगते त्यांना.” ती म्हणाली, “तू भांडशील.” मग दोघी गेलो. खिडकीत नवीन मुलगी होती. तिनं संगणकाच्या पडद्यावरून मान वर न करता वाचलं, “मागच्या वेळेपासून परिस्थितीत काही बदल? तुम्ही आणि तुमचे पती अजूनही वेगळे झोपता का?”

ग्लेनिसनं या वेळी तोंड काचेला लावलं नाही. ती सरळ उभी राहिली आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “हो बाळ. तो लँडिकनला मातीखाली झोपतो आणि मी घरी झोपते. याहून वेगळं मला झोपता येत नाही.”

मुलीची बोटं थांबली. मग ती हळूच म्हणाली, “मग मी एक खोली रिकामी लिहू?”