फांदीवरचा शर्ट

ओटावापासून लांब, सरकारी जंगलात फुकट तंबू ठोकता येतो. नळ नाही, वॉशरूम नाही, म्हणूनच आम्हा पोरांना भारी वाटतं. तिथे शेजारच्या तंबूत एक नागपूरचा भाऊ भेटला. तंबूपुढची जागा तो पाइनच्या फांदीने रोज झाडायचा, अंगण असल्यासारखी. वर झाडाला हँगरवर इस्त्रीचा शर्ट.

मी त्याच्याच सुरात विचारलं, "काय भाऊ, कॅम्पिंगले बी इस्त्री?"

"कॅम्पिंग तुमचं," तो म्हणाला. "माझा जॉब गेला, बेसमेंटमधली भाड्याची खोली सोडली. इंटरव्ह्यू आला तर शर्ट लागते ना."

तेवढ्यात त्याच्या आईचा व्हिडिओ कॉल आला. उचलण्याआधी तो आम्हाला म्हणाला, "घरी सांगतो, सहलीला आलो. जरा मागं उभे राहा ना, मित्र दिसले पाहिजे."

आम्ही उभे राहून दात काढले.

"रोजच सहल असते का रे तुमच्याकडे?" आई म्हणाली. मग आम्हाला म्हणाली, "पोरांनो, थंडी पडायच्या आत घरी नेऊन सोडा बरं त्याला."

मी कोणाचाही आवाज काढतो. "हो काकू" तेवढं माझ्याच आवाजात म्हणालो.

संध्याकाळी आम्ही गाडी भरून घरी निघालो, तेव्हा तो आमची रिकामी जागा झाडत होता.