जावईबापूंचं धुराडं

जळगावात माझ्या मामांचा सोन्याच्या दागिन्यांचा कारखाना आहे. घासताना, पॉलिश करताना सोनं झिजतं, भुकटी होऊन उडतं. त्याला घट म्हणतात. ही घट कमी करायचं काम मामांनी धुळ्याच्या जावयाला दिलं. जावई खाणकामाचा इंजिनिअर. काही काळ एका सोन्याच्या खाणीत होता आणि ते कुणाला विसरू देत नसे.

“खाणीत टनभर दगड फोडून चिमूटभर सोनं काढतात. तिथे कण वाया जात नाही, तर इथे का जावा?” तो म्हणाला. मामा भारावले. जावई बोलला की भारावायचं, अशी आमच्या घराची पद्धत आहे.

पॉलिशच्या टेबलाला धूळ ओढणारं यंत्र बसलं. नारळ फुटला. ओढ कमी वाटली म्हणून जावयाने आतली कापडी पिशवी काढून टाकली. धूळ अडवणारी वस्तू तेवढीच होती. ओढ झकास वाढली, टेबल लख्ख राहू लागलं. घटही वाढली.

संशय पॉलिश करणाऱ्या नानांवर गेला. रोज घरी जाताना फाटकाशी त्यांचे खिसे, डबा, चपला तपासल्या जाऊ लागल्या. गल्लीतली माणसं चहा पीत बघायची.

मग एका सकाळी शेजारच्या पिठाच्या गिरणीच्या पत्र्यावर झारेकरी चढला. सराफांचा केर धुऊन सोनं काढणारा हा माणूस उगाच कुठे चढत नाही. यंत्राचं धुराडं त्याच पत्र्यावर उघडत होतं.

गिरणीवाला खालून ओरडला, “शेठ, तुमची खाण आमच्या पत्र्यावर निघाली हो!”

मामांनी पिशवी गुपचूप परत बसवली. घरात सांगितलं, यंत्र आता रुळलं; जावईबापूंपाशी कुणी विषय काढायचा नाही.

संध्याकाळी नानांना फाटकाशी पुन्हा थांबवलं.

“शेठ, आते कसाले?”

“नियम आहे नाना. सगळ्यांना सारखा.”

तेवढ्यात जावई गाडीची किल्ली फिरवत बाहेर पडला.

“बठ्ठासले सारखा शे ना? मंग जवाईना बी खिसा देखा,” नाना म्हणाले.

कारागीर हसले. दुसऱ्या दिवशी मामांनी नानांना काढून टाकलं. चोरीचा संशय असूनही त्यांनी नानांना इतके दिवस कामावर ठेवलं होतं. जावयाचा अपमान मात्र साक्षीदारांसमोर झाला होता.