साचा नंबर एकशे चौऱ्याऐंशीची विणकरीण

मारुती भोगे बावीस वर्षं मिलमध्ये कापडाचे दोष काढत होता. टेबलावरून तागा सरकायचा आणि ह्याचं बोट बरोबर तुटलेल्या धाग्यावर थांबायचं. तेवढा तुकडा कापायचा, काळ्या पुठ्ठ्यावर खळीनं चिकटवायचा, खाली साच्याचा, म्हणजे ज्या मागावर ते विणलं त्याचा, नंबर घालायचा. ब्याण्णवमध्ये मिलला टाळं लागलं. धागे मोजायचं भिंग तेवढं खिशात राहिलं.

तरी सकाळी तो मिलवर जायचाच. चौकीदार लक्ष्मण म्हणायचा, “जा भिया, फिरून या. आता कोण हाजिरी घेतंय!”

एकदा एकशे चौऱ्याऐंशी नंबरच्या साच्यावर त्याला कोळ्याचं जाळं दिसलं. वीण न्यारीच. दोन धागे जवळ, एक लांब, पुन्हा दोन जवळ. भिंग लावून पाहिलं, कुठं चूक नाही. त्यानं मकडीला फुंकर मारून उडवलं, जाळं अलगद काळ्या पुठ्ठ्यावर घेतलं आणि राजेंद्र नगर गाठलं. तिथं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या वसुंधराबाई राहायच्या.

“मकडी कुठंय?” बाईंनी विचारलं.

“सोडली.”

“अहो भोगेजी, कापड आणलंत आणि विणणारीला हाकललंत?”

मारुतीचा चेहरा उतरला. “मिलनं पण हेच केलं ना मॅडम. मी तरी करायला नको होतं.”

“ही जात पुस्तकात नसावी. पण शास्त्रात नाव जाळ्याला मिळत नाही. जीव हवा, स्पिरिटमध्ये. मादी पण, नर पण.”

तो गुरुवार. सोमवारी साचे कापून भंगारात जाणार होते.

“दुनिया काम शोधतेय, हे मकडीचा नवरा शोधतायत!” बायको इंदुमती करवादली, पण लोणच्याची धुतलेली बाटली तिनंच पुढं केली.

शुक्रवारी मादी सापडली; त्याच साच्यावर नवं जाळं घालून बसलेली. नर मात्र मिळेना. मारुती शनिवारभर साच्यामागून साचा धुंडाळत तसलंच दुसरं जाळं शोधत राहिला. रविवारी दुपारी त्यानं कपाळावर हात मारला. नर विणत नसेल तर? आणि आपण काठ तर तपासलाच नाही! तो मादीच्या जाळ्याकडे परतला, भिंग काठाकाठानं नेलं, आणि बोट थांबलं. तिळाएवढा नर बेट्याचा तिथंच लटकला होता.

सगळं तपासून शोधनिबंध लिहून होईपर्यंत दोन वर्षं गेली. बाई म्हणाल्या, “नाव तुमच्यावरून ठेवू?”

“मी कुठं विणलं? विणणारीचंच ठेवा.”

बाईंनी ‘विणकरीण’ अशा अर्थाचा लॅटिन शब्द निवडला. मग पेन थांबलं. “ठिकाण काय घालू? बंद मिल?”

“साचा नंबर एकशे चौऱ्याऐंशी घाला,” मारुती म्हणाला. “आणि बंद कशाला? पकडली त्या दिवशी तिचं काम सुरू होतं. चालू लिहा.”