केसाएवढा थर

प्रयोगशाळेत सगळे त्यांना ‘आकडेबाई’ म्हणत, आणि बाईंनाही ते मनापासून आवडे. पाण्याच्या मोठ्या टाकीत वस्तू बुडवायची, तिच्यावर आवाज सोडायचा आणि तो कसा विखुरतो ते मोजायचं, हे टाकीवाल्याचं काम. आवाज कसा विखुरेल हे आधीच गणिताने सांगायचं, हे बाईंचं. तेवीस वर्षांत त्यांचं गणित चुकलं नव्हतं.

यंदा मात्र रबराचं अस्तर चढवलेल्या एका पोलादी गोळ्याने त्यांना रडकुंडीला आणलं. आलेखात ज्या कंप्रतेला प्रतिध्वनी एकदम खाली पडायला हवा, तिथे तो ठणठणीत होता. तो खड्डा पडत होता भलतीकडेच, पार डावीकडे.

“यंत्र खोटं बोलत नाही हो,” टाकीवाला म्हणाला.

“माझं समीकरणही नाही!” बाई उसळल्या. तीनदा ताळा करून झाला होता.

घरी जेवताना त्यांनी हेच गाऱ्हाणं मांडलं. नवरा बुटांच्या कारखान्यात कामाला. तो सहज म्हणाला, “आत पोलाद, बाहेर रबर. आणि चिकटवलंय कशाने?”

बाईंचा घास हातातच राहिला.

सकाळी त्यांनी थेट गोळ्यावर अस्तर चढवणाऱ्या रबरवाल्याला गाठलं.

“चिकटवायला सोल्यूशनचा एक हात मारला होता,” तो म्हणाला. “केसाएवढा. तो काय हिशेबात धरायचा!”

“धरायचा! तोच तर धरायचा!”

प्रत्येक थराच्या सीमेवर दोन्हीकडची हालचाल आणि ताण जुळलेच पाहिजेत. थर वाढला की सीमा वाढली, समीकरणं वाढली. बाईंनी ती भराभर लिहून काढली. दुपारपर्यंत खड्डा मोजलेल्या जागी येऊन बसला.

प्रयोगशाळेच्या साहेबांनी नकारार्थी मान हलवली. “उत्तर ठाऊक असल्यावर कोणीही जुळवेल, बाई.”

“मग दुसरा गोळा करा. सोल्यूशनचे दोन हात मारा. खड्डा आणखी डावीकडे सरकेल. इथे!” त्यांनी कोऱ्या आलेखावर पेन्सिलने फुली मारली आणि खाली सही ठोकली.

आठवड्याने गोळा टाकीत उतरला. पडद्याभोवती अख्खी प्रयोगशाळा गोळा झाली. रेघ पुढे सरकली, वर चढली आणि फुलीवरच धाडकन कोसळली.

“आली!” टाकीवाला सगळ्यांत मोठ्याने ओरडला. रबरवाल्याने बाईंचा हात धरून गदागदा हलवला.

अहवालात बाईंनी रबरवाल्याचं नाव स्वतःच्या शेजारी घातलं. खाली आभारात आणखी एक नाव पाहून साहेबांनी विचारलं, “हे कुठले शास्त्रज्ञ?”

“बुटांचे,” बाई म्हणाल्या, आणि ते खोडू दिलं नाही.